हरकत, संमती आणि विचारणा : सार्वजनिक गृहनिर्माणातील रहिवाशांच्या सहभागाचा इतिहास
(विशेष संदर्भ : संजयनगर, अहिल्यानगर)

प्रस्तावना

अहिल्यानगर शहरातील संजयनगर ही सुमारे दोन एकर जागेवर वसलेली वस्ती. कचरावेचक, बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि रोजंदारीवरील अन्य कष्टकरी अशी २९८ कुटुंबे येथे राहत असल्याची नोंद पुनर्विकास प्रकल्पाच्या आखणीत झाली. प्रधानमंत्री आवास योजनेखाली, आहे त्याच जागी पक्की घरे बांधण्याचा हा प्रकल्प अहमदनगर महानगरपालिका, ‘स्नेहालय’ ही स्थानिक संस्था, ‘कम्युनिटी डिझाइन एजन्सी’ हा वास्तुरचनाकारांचा गट आणि ‘करी स्टोन फाउंडेशन’ यांच्या सहकार्याने उभा राहिला. शासकीय घरकुले राज्यात ठिकठिकाणी बांधली गेली आहेत. त्या दृष्टीने २९८ हा आकडा फार मोठा नव्हे. तथापि येथे इमारतीचा आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी त्या इमारतीत राहणाऱ्यांना विचारले गेले. महाराष्ट्रातील सार्वजनिक गृहनिर्माणाच्या इतिहासात हा क्रम सहसा उलटा राहिला आहे. तो उलटा का राहिला, याचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन होय.

या शोधात तीन शब्द उपयोगी पडतात : हरकत, संमती आणि विचारणा. शासकीय व्यवहारात हे तिन्ही ‘लोकसहभाग’ या एकाच नावाखाली वावरतात. परंतु हरकत घेणारा मनुष्य दुसऱ्याने ठरविलेल्या गोष्टीला विरोध करीत असतो. संमती देणारा दुसऱ्याने ठरविलेल्या गोष्टीवर सही करीत असतो. गोष्ट ठरण्याच्या आधी तो उपस्थित असतो तो केवळ तिसऱ्या प्रकारात.

जमीनमालकाचा आवाज

वस्ती वसविताना येणाऱ्यांशी बोलणी करणे ही कल्पना या भूमीला नवी नव्हती. मध्ययुगात नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजनांना कौल दिला जाई. काही वर्षे जकातीची व पट्ट्यांची सूट, घरासाठी जागा, उदीम करण्याची मोकळीक अशा अटी त्यात नमूद होत. कौल हा करारच होता, कारण व्यापारी आला नाही तर पेठ ओस पडणार हे राज्यकर्ता जाणून होता. अर्थात हा मान उदमी व कारागीर यांचा. गावकुसाबाहेरच्या वस्तीला कोणी कौल दिल्याचे दिसत नाही. राज्यकर्त्याला ज्याची गरज, त्यालाच विचारले जात होते, एवढाच त्याचा अर्थ.

ब्रिटिश अमदानीत ही बोलणी संपली आणि अधिग्रहण आले. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मूळ स्वरूपात जमीनधारकाला मोबदल्याच्या रकमेवर भांडता येत होते. जमीन घ्यावी की न घ्यावी यावर बोलण्याची तरतूद नव्हती. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व दाट वस्त्या पाडून रस्ते काढण्यास आरंभ झाला. उठविल्या गेलेल्या भाडेकरूंचे म्हणणे ऐकणे हा त्या कामाचा भाग नव्हता.

या संदर्भात अहिल्यानगर जिल्ह्याचा एक धागा महत्त्वाचा आहे. पारनेर येथे १८८० मध्ये जन्मलेल्या पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट यांनी १९२१ ते १९२४ या काळातील मुळशी सत्याग्रहाचे नेतृत्व केले. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या आणि ज्यांच्या त्या होत्या त्यांना कोणी विचारले नव्हते. सत्याग्रह अपयशी ठरला व धरण पूर्ण झाले. योगायोग असा की हा लढा चालू असतानाच, १९२३ मध्ये, भूसंपादन कायद्यात कलम ५-अ समाविष्ट होऊन हितसंबंधी व्यक्तीला संपादनालाच हरकत घेण्याचा व सुनावणीचा हक्क मिळाला. या दुरुस्तीची कारणे वेगळी होती व मुळशीशी तिचा थेट संबंध जोडणे धाडसाचे होईल. तरीही ‘हरकत’ हा शब्द कायद्यात कधी शिरला हे ध्यानात घ्यावयास हवे. भूसंपादनापूर्वी सामाजिक परिणामांचे मूल्यमापन बंधनकारक होण्यास, आणि खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के व सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती आवश्यक ठरण्यास त्यानंतर नव्वद वर्षे लागली. तो कायदा २०१३ चा.

नगररचनेच्या क्षेत्रात मुंबई इलाखा देशात पुढे होता. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने भूखंडांची फेरआखणी करताना मालकांचे म्हणणे ऐकण्याची पद्धत घालून दिली. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २६ ने प्रारूप विकास योजना राजपत्रात व वृत्तपत्रांत प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविणे आणि कलम २८ ने त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावणी देणे बंधनकारक केले. येथे मालक असण्याची अट राहिली नाही, ही मोठीच सुधारणा होय. मात्र राजपत्रातील सूचना वाचणारा, नकाशावर आपला सर्व्हे क्रमांक शोधू शकणारा आणि मुदतीत लेखी अर्ज देणारा नागरिक कायद्याने गृहीत धरला. मुंबईच्या २०१५ च्या प्रारूप विकास आराखड्यावर सुमारे ६५ हजार हरकती व सूचना आल्या आणि शासनाला तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने तयार करण्यास सांगावे लागले. हरकतीचे सामर्थ्य असे कधीकधी दिसते. पण त्यासाठी नागरी संघटना, वास्तुविशारद आणि वृत्तपत्रे यांचे बळ पाठीशी असावे लागते. झोपडीतील कुटुंब अशा नकाशात बहुधा आरक्षणाच्या रंगाखाली दडलेले असते.

बी.डी.डी. चाळी : न विचारता बांधलेल्या घरांचे भवितव्य

कामगारांसाठी सरकारने स्वतः घरे बांधण्याचा पहिला मोठा प्रयोग गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत झाला. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर बसवून निधी उभारण्यात आला. ५० हजार खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, डिलाईल रोड येथे ३२ व शिवडी येथे १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या.

खोल्या झाल्या, पण भाडेकरू येईनात. दशकाच्या अखेरीस वरळीच्या अनेक चाळी रिकाम्या होत्या. कारणे गूढ नव्हती. वरळी तेव्हा गिरणगावापासून आडबाजूला होती. पाळी संपवून रात्री घरी परतणाऱ्याला हे अंतर जड जाई. बाजार नव्हता. भाडे गिरणीजवळच्या खासगी चाळीच्या तुलनेत परवडेलच असे नव्हते. पाणी व शौचालये सामाईक होती. काँक्रीटच्या भक्कमपणाविषयी अभियंत्यांना अभिमान होता, परंतु राहणाऱ्याच्या दृष्टीने भक्कमपणा हा घराचा एकच गुण असतो. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाच्या चौकशीतही या चाळींवर टीका झाली. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या रिकाम्या चाळींचा उपयोग सत्याग्रहींना डांबण्यासाठी तुरुंग म्हणून करण्यात आला. निवासासाठी बांधलेली वास्तू फारसा बदल न करता कैदखाना म्हणून चालू शकली, यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

याच चाळी पुढे गजबजल्या, आणि त्यांच्या गॅलऱ्यांतून, गणेशोत्सवातून, व्यायामशाळांतून, दलित व कामगार चळवळींतून मुंबईचे एक समृद्ध लोकजीवन घडले, हेही नमूद केले पाहिजे. लोकांनी ती घरे आपली करून घेतली. त्याचे श्रेय आराखड्याला देण्याचा मोह मात्र टाळावा लागतो. २०१७ मध्ये त्यांच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथील ५५६ घरांच्या किल्ल्या रहिवाशांना मिळाल्या. मधल्या काळात रहिवाशांच्या संघटनांनी घराचे क्षेत्रफळ, करारनामा, संक्रमण काळातील निवास व देखभाल खर्च यांवर सातत्याने प्रश्न उपस्थित केले. शंभर वर्षांपूर्वीच्या भाडेकरूजवळ खोली न घेणे एवढेच उत्तर होते. त्याच्या नातवाजवळ संघटना होती.

साडीने मोजलेले घर

स्वातंत्र्योत्तर काळात १९४८ चा मुंबई गृहनिर्माण मंडळ कायदा, १९७१ चा झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास अधिनियम आणि १९७६ चा म्हाडा कायदा अशी कायद्यांची मालिका आली. यांतील राहणारा मनुष्य ‘भाडेकरू’, ‘भोगवटादार’ किंवा ‘लाभार्थी’ या नावांनी ओळखला जातो. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लगतची जनता कॉलनी उठवून हजारो कुटुंबे चिता कॅम्प येथे हलविण्यात आली. त्या लढ्यातून पुढे आलेले ए. जॉकिन हे राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाचे नेते झाले. निष्कासनाला विरोध करता करता पर्याय आपणच मांडला पाहिजे, या निष्कर्षाला ही चळवळ आली ती भायखळ्यात.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने १९८५ मध्ये भायखळा परिसरातील सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची गणना केली. त्याच वर्षी जुलैमध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला, पण पदपथावरील झोपडी हटविण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला. मात्र पूर्वसूचना व म्हणणे मांडण्याची संधी यांचे महत्त्व त्यात अधोरेखित झाले. पदपथावरील स्त्रियांनी ‘महिला मिलन’ नावाने संघटित होऊन आपले भावी घर कसे असावे याचा विचार सुरू केला. या स्त्रियांनी शहरातील निरनिराळ्या वसाहती पाहिल्या, सामानाचे भाव काढले, नमुना घरे उभारली. नकाशा वाचता न येणाऱ्या स्त्रीला फुटांची भाषा परकी असते, पण साडीची लांबी तिला नेमकी ठाऊक असते. साडी धरून भिंतीची उंची ठरली. चौदा फूट उंचीचे घर आणि त्यात पोटमाळा, हा त्यांचा आराखडा. कारण जागा कमी, माणसे अधिक, आणि नवविवाहित मुलासुनेला थोडा आडोसा हवा. वास्तुशास्त्राच्या नेहमीच्या प्रमाणात ही उंची बसत नव्हती.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट शौचालयाची. प्रत्येक घरात स्वतंत्र शौचालय असावे हे तज्ज्ञांना स्वयंसिद्ध वाटते. या स्त्रियांनी मात्र काही घरांत मिळून एक शौचालय पसंत केले. आधीच लहान असलेल्या खोलीतील जागा जाणे त्यांना नको होते. वीस-पंचवीस वर्षांनी पुण्यात येरवडा येथे चित्र पालटलेले दिसते. तेथे जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या शहरी गरिबांसाठीच्या मूलभूत सेवा योजनेखाली कच्ची घरे आहे त्या जागीच पक्की करण्याचे काम झाले. घर सुमारे २७० चौरस फुटांचे, खर्च तीन लाख रुपये, त्यातील दहा टक्के म्हणजे तीस हजार रुपये लाभार्थ्याचा हिस्सा. वास्तुविशारद प्रसन्न देसाई, ‘महिला मिलन’ आणि ‘स्पार्क’ यांनी घरोघर मोजणी करून, प्रतिकृती दाखवून पर्याय ठेवले. कोणी शेजाऱ्याशी जोडून बांधले, कोणी स्वतंत्र. येथे घरातले शौचालय ही सर्वांत मोलाची सोय ठरली. म्हणजे भायखळ्यातील स्त्रियांचे मत ‘गरिबांचे मत’ म्हणून कायमचे लिहून ठेवले असते तर येरवड्यात चूक झाली असती. पूर्वीच्या विचारणेचे उत्तर नव्या वस्तीला लावता येत नाही, आणि प्रशासनाला नेमका हाच भाग त्रासदायक वाटतो, कारण प्रशासन एकदा मंजूर झालेला नमुना सर्वत्र वापरू इच्छिते.

रहिवासी कोण?

विचारणा करायची तर कोणाला, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत विकासकाला पात्र झोपडीधारकांपैकी ७० टक्क्यांची संमती आवश्यक होती. पुढे हे प्रमाण ५१ टक्क्यांवर आणण्यात आले. संमतिपत्रांवरील सह्या खऱ्या की खोट्या, समजून केलेल्या की न समजता, यांवरून उद्भवलेले वाद न्यायालयांपर्यंत गेले. परंतु टक्केवारीच्या आधी ‘पात्र’ हा शब्द येतो. पात्रतेची तारीख आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, आणि त्यानंतर २०११ पर्यंतच्या झोपड्यांना सशुल्क पुनर्वसन, अशी सरकत गेली. ज्याच्याजवळ त्या तारखेचा पुरावा नाही तो पंधरा वर्षे राहत असला तरी संमतीच्या गणितात धरला जात नाही. झोपडीतील भाडेकरूची स्थिती तीच. १९१५ मध्ये मालक असणे ही बोलण्याची पात्रता होती. शतकानंतर कागद असणे ही झाली.

ग्रामीण भागात हाच प्रश्न ग्रामसभेत सुटतो, निदान सुटावा अशी अपेक्षा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याला राळेगणसिद्धी व हिवरेबाजार यांमुळे ग्रामसभेच्या निर्णयशक्तीची परंपरा लाभली आहे. १९८५-८६ पासूनची इंदिरा आवास योजना व २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या दोहोंत लाभार्थ्यांच्या यादीला ग्रामसभेचे स्थान आहे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. ग्रामसभा घर कोणाला हे ठरविते; घर कसे हे लाभार्थी स्वतः बांधत असल्याने बऱ्याच अंशी तोच ठरवितो. शहरात ग्रामसभेसारखे व्यासपीठ नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या, आणि २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली, ती बव्हंशी केंद्रीय अभियानाची अट पूर्ण करण्यासाठी. क्षेत्रसभा भरल्याचे अनुभव विरळाच. त्यामुळे शहरी वस्तीतील विचारणा ही संस्थांच्या पुढाकारावर आणि अधिकाऱ्यांच्या अनुकूलतेवर अवलंबून राहते. संजयनगरचे महत्त्व व मर्यादा दोन्ही येथेच आहेत.

संजयनगर

अहमदनगरची नगरपालिका १८५४ ची. २००३ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शहर व जिल्हा यांचे नाव अहिल्यानगर झाले. दीडशे वर्षांहून जुन्या या स्थानिक संस्थेच्या जवळ घरबांधणीचे विशेष तंत्र वा मनुष्यबळ नव्हते, आणि ही स्थिती राज्यातील बहुतेक मध्यम शहरांची आहे. १९८९ पासून शहरात वंचितांसाठी कार्य करणाऱ्या ‘स्नेहालय’मुळे वस्तीशी संपर्क साधणे शक्य झाले. संध्या नायडू जनार्दन यांच्या नेतृत्वाखालील वास्तुरचनाकारांनी कुटुंबांच्या बैठका घेतल्या, सध्याच्या घरांचा व वापराचा अभ्यास केला, आणि रहिवाशांसमवेत रचना ठरविली.

त्यातून आलेला आराखडा पाहण्यासारखा आहे. एकच उंच इमारत न उभारता कमी मजल्यांच्या आठ इमारती अंगणांभोवती रचण्यात आल्या. मार्गिका रुंद ठेवल्या, बसण्यासाठी जागा ठेवल्या. झोपडीचे क्षेत्रफळ तिच्या चार भिंतींत संपत नाही. दारापुढचा ओटा, जेथे धान्य निवडले जाते, भांडी घासली जातात, म्हातारी माणसे बसतात, मुले खेळतात, तो घराचाच भाग असतो. शासकीय निकषात मात्र ३० चौरस मीटर चटईक्षेत्र एवढेच मोजले जाते व ओटा मोजणीत येत नाही. रहिवाशांना विचारले असता जे सांगितले जाते ते बहुधा या न मोजलेल्या भागाविषयी असते.

या विचारणेत रहिवाशांचे बरेच काही पणाला लागलेले होते. पक्के घर हवे तर आधी आहे ते घर मोडून द्यावे लागते, आणि नवे होईपर्यंत तात्पुरत्या निवाऱ्यात राहावे लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबासाठी ही मोठीच जोखीम आहे. केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख अनुदान वजा जाता उरणारा खर्च कोठून यावा, हा प्रश्न कोणत्याही सुंदर आराखड्याने सुटत नाही. त्यासाठी देणगीदार, कर्ज व कुटुंबाचा स्वतःचा वाटा यांची जुळणी करावी लागली. बैठकांना वेळ लागतो आणि वेळ वाढला की बांधकामाचा खर्च वाढतो, हा आक्षेपही खरा आहे. वरळीच्या चाळी मात्र झपाट्याने बांधल्या गेल्या होत्या आणि वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. तो खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली धरावा, याचे उत्तर वेळेचा आक्षेप घेणारे सहसा देत नाहीत.

पहिली इमारत ३३ घरांची. तीत कुटुंबे राहावयास गेल्यानंतर उर्वरित रहिवाशांच्या दृष्टीने चर्चेचे स्वरूप पालटणे स्वाभाविक होते, कारण प्रतिकृतीऐवजी आता शेजाऱ्याचे प्रत्यक्ष घर पाहता येत होते. योजनेच्या नियमानुसार घर कुटुंबातील स्त्रीच्या नावे अथवा संयुक्त नावे देण्यावर भर आहे. जिच्या नावे रेशनकार्डापलीकडे क्वचितच काही कागद असे, तिच्या नावे मिळकत येणे हा बदल इमारतीच्या उंचीपेक्षा दूरगामी आहे.

अभ्यासकाच्या दृष्टीने एक अडचण उरते. महानगरपालिकेच्या दप्तरी ठराव, निविदा, मोजणीचे नकाशे, पात्रतेच्या याद्या व देयके सुरक्षित राहतात. विकास योजनेवरील हरकती आणि सुनावणीचे अहवालही शासनाकडे असतात. भायखळ्यातील साडीची मापे, येरवड्यातील प्रतिकृती, संजयनगरच्या बैठकांतील टिपणे व मुलांनी काढलेली चित्रे यांना अशा दप्तरात क्रमांक नसतो. ती संस्थांच्या कपाटांत, वास्तुविशारदांच्या संगणकांत आणि बैठकीला उपस्थित असलेल्यांच्या स्मरणात विखुरलेली असतात. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी संजयनगरमधील प्रौढ रहिवाशांच्या मौखिक नोंदी घेण्याचे काम हाती घ्यावयाचे तर त्यासाठीचा काळ हाच आहे, कारण जुन्या वस्तीची रचना डोळ्यांपुढे असलेली पिढी अद्याप बोलू शकते.